नेहमीचंच ना?

मराठी जावयाने सासऱ्यांसमोर दारू पिऊ नये, असं कुठल्याही स्मृतीत लिहिलेलं नाही, तरी सांगली जिल्ह्यात हा नियम कसोशीने पाळला जातो. सासरेही जावयासमोर घेत नाहीत. दोघांनाही एकमेकांचं माहीत असतं, ब्रँडसुद्धा कदाचित एकच असतो. पण लग्नाच्या आदल्या रात्री जावई गच्चीवर असतो आणि सासरे खाली गाडीच्या आडोशाला. मध्ये दोन मजले असले की संस्कृती टिकते.

इंग्लंडातल्या खेड्यातल्या पबला गच्ची नसते. आडोसाही नसतो. एकच बुटकी खोली, त्यात अख्खं गाव.

आम्ही ऑक्सफर्डशायरच्या उत्तर टोकाला, बॅनबरीजवळ राहतो. अण्णा आणि आई, म्हणजे माझे सासू-सासरे, तीन महिने मुक्कामाला आले. किल्ले झाले, चर्च झाली, ऑक्सफर्डची कॉलेजं बाहेरून बघून झाली. मग एका संध्याकाळी अण्णांनी भेंडी खाता खाता विषय काढला. "ते पब की काय म्हणतात, ते एकदा बघायचंय. नुसतं बघायचंय." दुसऱ्या 'बघायचंय'वर त्यांनी जो जोर दिला, तो ऐकून मी पोळीत तोंड खुपसलं. मी म्हटलं, त्यात काय बघायचं, जुनं घर असतं. बायको म्हणाली, "रविवारी सगळेच जाऊ की दुपारी. याला माहितीये एक चांगला."

याला माहितीये. नवऱ्याला इतक्या थोड्या शब्दांत संपवण्याची कला आमच्याकडे आईकडून मुलीकडे जाते.

मला माहीत होता, हे खरं. दर गुरुवारी तिथे क्विझ असते आणि मी चार वर्षं तिथल्या एका दुबळ्या संघाला भूगोल पुरवतो. पण सासरी माझी ख्याती 'सुपारीचं खांड नाही' अशी आहे. ती मी पसरवलेली नाही, फक्त अडवलेली नाही.

आता अण्णांबद्दल थोडं. अण्णा वजनमापे निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी कोल्हापूर-सांगलीच्या बाजारांत खोटी मापं पकडली. तळाशी मेण लावलेली मापं, पोकळ केलेली वजनं, बुडाला टोला मारलेलं रॉकेलचं लिटर. निवृत्त झाले तरी अजून भाजीवाल्याच्या काट्याकडे ते अशा नजरेने बघतात की तो बिचारा आपणहून दोन मिरच्या जादा टाकतो. हा माणूस पबमध्ये नेणं म्हणजे काय, याचा मी त्या अंगाने विचारच केला नव्हता. मी आपला माझ्या अब्रूच्या काळजीत.

रविवारी दुपारी दीडला पोचलो. दारावर पाटी लटकत होती, तिच्यावर ओकचं झाड आणि फांद्यांमध्ये मुकुट. अण्णांनी लगेच चौकशी केली. दुसरा चार्ल्स राजा १६५१ मध्ये वुस्टरची लढाई हरला आणि बॉस्कोबेलच्या एका ओकच्या झाडावर दिवसभर लपून बसला. पुढे तो गादीवर आला आणि गावोगावच्या पबांना 'रॉयल ओक' नाव पडलं, हे मी सांगितलं. पाटी लावायची सक्ती तर त्याहूनही जुनी. १३९३ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने फर्मान काढलं की एल, म्हणजे इथली पारंपरिक बियर, विकायची असेल तर बाहेर खूण टांगा, म्हणजे तपासनिसाला दुकान सापडेल. 'तपासनीस' हा शब्द कानावर पडताच अण्णा जागेवर थांबले. "होते का त्या काळी?" मी म्हटलं, होते, एल चाखून पास-नापास करायचे. अण्णांनी ती पाटी पुन्हा एकदा, या वेळी आदराने बघितली आणि आत पाऊल टाकताना चौकटीच्या तुळईवर सणसणीत डोकं आपटून घेतलं.

तुळईवर 'डोकं सांभाळा' असं लिहिलेलं असतं. ते वाचायला मान वर करावी लागते.

आमच्याकडे परमिट रूम म्हटली की काळ्या काचा, लाल बल्ब आणि 'फॅमिली रूम वर' अशी पाटी. आईंनी पदर सावरून, श्वास रोखून प्रवेश केला तो त्या तयारीने. आत बघतात तर उंच खुर्चीत वर्षाचं पोर गाजर चघळतंय, शेकोटीपुढे लॅब्राडॉर आडवा, खिडकीपाशी दोन आज्या विणकाम करतायत, आणि कोपऱ्यात नुकतीच चर्चमधून सुटलेली मंडळी कोटाची बटणं काढतायत. "देवळातून थेट इथे?" आईंनी बायकोला विचारलं. मग थोड्या वेळाने, "बसायला मात्र छान आहे हो."

आम्ही टेबलाशी बसलो आणि अण्णा वेटरची वाट बघू लागले. पबमध्ये टेबलाशी कुणी येत नाही. तुम्ही म्हातारे व्हाल, लॅब्राडॉर म्हातारा होईल, पण कुणी विचारणार नाही. मी हे सांगणार तोवर अण्णांनी बारच्या दिशेने तोंड करून अस्सल "शुक शुक!" केलं. विणकाम थांबलं. कुत्र्याने एक डोळा उघडला. त्या अख्ख्या खोलीत हाक आपल्याला आहे असं फक्त त्यालाच वाटलं आणि तो शेपटी हलवत आला.

"अण्णा, इथे आपण उठून जायचं असतं."

"मग चला, मी पण येतो. दर तरी बघू."

मला नेमकं हेच नको होतं. पण नाही कसं म्हणणार?

बारशी रांग नसते. म्हणजे दिसत नाही. सगळे आडवे, आपापल्या गप्पांत, जणू कुणालाच काही नकोय. पण कोण कुणाच्या आधी आलं हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं नोंदलेलं असतं आणि मालकिणीच्या डोक्यात तर वहीच असते. नोट फडकावायची नाही, टेबल वाजवायचं नाही, फक्त बारच्या काठावर कोपर ठेवून किंचित आशाळभूत दिसायचं. शेजाऱ्याच्या आधी चुकून तुम्हाला विचारलं तर त्याच्याकडे बोट दाखवायचं: यांचा नंबर. हे मी अण्णांच्या कानात पुटपुटत होतो आणि मनातल्या मनात ठरवत होतो, आपण लिंबू-सोडा मागायचा, अण्णांना लेमोनेड, दर दाखवायचे, परत.

मालकीणबाई वळल्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. माझं नाव घेतलं, तेही बरोबर उच्चारात, आणि म्हणाल्या, "नेहमीचंच ना?"

आणि उत्तराची वाट न बघता बियरच्या पंपाचा लांब दांडा खाली ओढायला सुरुवात केली.

इथे जरा थांबून सांगायला हवं. इंग्रजी खेड्यातल्या पबने तुम्हाला हा प्रश्न विचारणं हे काही साधं नव्हे. पासपोर्ट काही वर्षांत मिळतो. त्याला फॉर्म आहे, फी आहे, परीक्षा आहे. 'नेहमीचंच ना'ला काहीच नाही. नुसतं यायचं, बसायचं, हवामानावर बोलायचं आणि वाट बघायची. गावात वीस वर्षं राहूनही हे ज्यांच्या वाट्याला आलं नाही असे गोरे मला ठाऊक आहेत. हा क्षण माझ्या आयुष्यात आला तो अण्णा माझ्या उजव्या खांद्याशी उभे असताना.

माझा पाइंट, म्हणजे एलचा मोठा ग्लास, भरत होता. हे काम सावकाश चालतं. दोन-तीन ओढ्यांत ते तांबूस पाणी ग्लासात चढतं, आणि तेवढ्या वेळात मी लग्नातल्या मानपानापासून परवाच्या भेंडीपर्यंत सगळं आठवून घेतलं. अण्णा ग्लासाकडे बघत होते. माझ्याकडे मुळीच नाही. मग खाकरून म्हणाले, "जावईबापू, इथे परवाना लागत असेल ना?"

"नाही अण्णा. इथे विकणाऱ्याला लागतो, पिणाऱ्याला नाही."

"असं कसं? कायदा असेलच काहीतरी. आपली कागदपत्रं तयार असलेली बरी."

आणि त्यांनी पाकीट काढलं. पाकिटातून स्वामींचा फोटो काढला. फोटोच्या मागून एक लॅमिनेट केलेला, कडा पिवळ्या पडलेला कागद काढला आणि बारवर ठेवला. महाराष्ट्र शासन, राज्य उत्पादन शुल्क. आजीवन.

परदेशी वाचकांना यावर विश्वास बसणार नाही, पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि कागदोपत्री दारू पिणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना असायला हवा. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, जन्माचाही मिळतो. लाखो लोक पितात; परवाना काढलेला माणूस मी तरी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. वजनमापे खात्यातला माणूस दुसरं काय करणार? चोरून प्यायचं, पण कायद्याने.

मालकीणबाईंनी चष्मा लावून कागद उचलला. हे काय, म्हणाल्या. मी भाषांतर केलं: या गृहस्थांना स्वतःचं आरोग्य राखण्यासाठी मद्याची गरज आहे आणि सरकारची त्याला हरकत नाही. आमच्या नियमांत कारण खरोखर तेच आहे. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं, मग बारवरच्या लोकांना बोलावून पुन्हा वाचायला लावलं. कोपऱ्यातल्या स्टुलावरचे पांढऱ्या मिशांचे आजोबा म्हणाले, आमच्या सरकारने एवढ्या वर्षांत आमच्या आरोग्याची अशी काळजी कधी केली नाही. अण्णांसाठी दुसरा पाइंट आपोआपच सुरू झाला.

तेवढ्यात आई मागे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या पोटात गोळा आला, अण्णांच्या हातातलं पाकीट थरथरलं.

"आई, ते... म्हणजे तो कागद..."

"माहितीये मला," आई शांतपणे म्हणाल्या. "यांच्या पँटी लाँड्रीत कोण देतं? तीनदा धुण्यातनं वाचवलाय तो. लॅमिनेट मीच करून आणला." आणि माझ्या ग्लासाकडे बघून, "तुमचं लग्नाच्या आधीच कळलं होतं. शेंगदाण्यांची पुडी खिशात ठेवून कुणी बघायच्या कार्यक्रमाला येतं?"

आम्ही दोघं सुखरूप टेबलाशी परतलो, आमनेसामने बसलो आणि एकमेकांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत पहिला घोट घेतला. अण्णांचा चेहरा पडला.

"गरम आहे हो."

हे होणारच होतं. आपली बियर म्हणजे दात कळवळवणारी. पिंपातली एल तशी देत नाहीत; तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवतात. ती कारखान्यात पुरी होऊन येत नाही. पिंपात यीस्ट जिवंत असतं, पबच्या तळघरात ती आणखी आंबते, गाळ खाली बसेपर्यंत पिंपाला धक्का लावायचा नाही, आणि एकदा तोंड उघडलं की तीन-चार दिवसांत संपवायची, नाहीतर विटते. बाहेरून वायू घालायचा नाही. हे सगळं मी एखाद्या गाइडसारखं बोललो. १९७१ मध्ये चार मित्रांनी याच एलसाठी चळवळ उभारली, कॅमरा नावाची, कारण कंपन्या हिला मारून थंडगार फसफसणारं पाणी विकायला लागल्या होत्या, हेही सांगितलं. अण्णा तसेच नाराज. मग आई म्हणाल्या, "अहो, आंबोळीचं पीठ आहे ते. आंबवणाने वर आलेलं. ते फ्रीजमधे घातलं तर काय चव राहील?" अण्णांनी आणखी एक घोट घेतला, मान हलवली. चार मित्रांच्या चळवळीला जे जमलं नसतं, ते आंबोळीने केलं.

इथवर ठीक होतं. मग अण्णांनी ग्लास उजेडाकडे धरला.

"किती माप हे?"

"पाइंट. ५६८ मिली."

"रेघ कुठाय?"

"रेघ नाही. काठोकाठ म्हणजे पाइंट."

"काठोकाठ कुठाय? फेस आहे." त्यांनी करंगळी आडवी लावली. "एवढा." मग काठाशी कोरलेला शिक्का शोधला, नखाने चाचपला. माप तपासल्याची खूण ग्लासावर हवीच, हे कळल्यावर त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. फेसाचं काय म्हणतात नियम, विचारलं. मी सांगितलं की धंद्यातल्या संकेताप्रमाणे फेस बसल्यावर निदान ९५ टक्के द्रव हवा, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर वर भरून द्यायचं.

अण्णांनी बिअरच्या कागदी चकतीच्या मागे पेनाने गणित मांडलं. पाच टक्के म्हणजे २८ मिली. पिंप किती गॅलनचं? फर्किन, नऊ गॅलन. म्हणजे पाइंट ७२. "म्हणजे एका पिंपामागे साडेतीन पाइंट हवा विकता येते की हो!" त्यांचा आवाज चढला. चौतीस वर्षांची नोकरी त्यांच्या अंगात आली होती. मी हात जोडले, बायकोने डोळे वटारले, पण अण्णा ग्लास घेऊन उठले होते.

मालकीणबाईंनी हसत वर भरून दिला, एक शब्द न बोलता. तक्रार इतक्या लवकर निकालात निघाल्याने अण्णांचा थोडा विरसच झाला. पण मिशाळ आजोबांना माणूस सापडला होता. त्यांनी बोट वर करून एकच शब्द उच्चारला: मॅग्ना कार्टा. मी दुभाष्या झालो. १२१५ च्या त्या सनदेत, जिच्यावर यांची सगळी लोकशाही उभी आहे म्हणतात, ३५ वं कलम असं आहे की राज्यभर वाइनचं माप एक, एलचं माप एक आणि धान्याचं माप एक असावं. अण्णा आधी गप्प झाले, मग त्यांनी मला पुन्हा विचारून खात्री केली. राजाच्या नरड्यावर सुरी ठेवून सरदारांनी जे मागून घेतलं त्यात दारूचं माप होतं! मी एखादा खजिना उघडून दाखवला असता तरी ते इतके हरखले नसते.

हर्षाच्या मागोमाग दुःख आलं. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, अण्णांनी उमेदीची वर्षं पायल्या-अधोल्या जप्त करण्यात घालवली, आणि इथे पिंपातली बियर लिटरमध्ये विकणंच बेकायदेशीर! पाइंट, अर्धा पाइंट, तिसरा हिस्सा, दोन तृतीयांश, एवढंच चालतं. "म्हणजे मी इथे असतो तर लिटर जप्त केलं असतं?" त्यांनी विचारलं. आजोबा म्हणाले, अर्थातच. दोघांनी त्यावर ग्लासाला ग्लास लावला.

मग आजोबांनी पाइंट पाजला. पबमध्ये एकाने पाजलं की दुसऱ्याने पाजायचं, हे कुठे लिहिलेलं नसतं, पण न पाळणाऱ्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या काढतात. अण्णा कुणाचं देणं ठेवणारे नव्हेत. मला दंडाला धरून ते बारशी गेले, कोपर ठेवलं, आणि शेजारचा बाप्या आधी आला होता म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं. एवढं पटकन मला पहिल्या वर्षातही जमलं नव्हतं.

या सगळ्यात अडीच वाजून गेले. आणि अडीचला स्वयंपाकघर बंद झालं.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून सरकारने पब दुपारी बंद ठेवायला लावले. महायुद्ध संपलं, दुसरं झालं, साम्राज्य गेलं, तरी दुपारची कुलपं १९८८ पर्यंत टिकली. रविवारची तर १९९५ पर्यंत. आता पब उघडे असतात, पण आचाऱ्यांना कुणी युद्ध संपल्याचं कळवलेलं नाही. रोस्ट बीफ गेलं, मटण गेलं. थंड काय ते मिळेल, मालकीणबाई म्हणाल्या. बायको गाडी चालवणार म्हणून दुपारभर लिंबू-सोड्यावर होती. ती माझ्याकडे जे बघत होती ते लिहिण्यासारखं नाही.

आईंचा प्रश्न मात्र सोपा झाला. त्या अंडंही खात नाहीत. त्यामुळे यॉर्कशायर पुडिंग बाद, भाजलेले बटाटे बीफच्या चरबीत केलेले असू शकतात म्हणून बाद, चिप्स कशाच्या तेलात तळले हे मला तीनदा विचारून यायला लावलं असतं म्हणून मनातूनच बाद. उरलं प्लाउमन्स लंच: चीजचा ठोकळा, पाव, कांदा, काळपट गोड लोणचं. नांगरट्याची न्याहारी असा त्याचा थाट असला तरी त्याचा हा गाजावाजा युद्धानंतर चीज खपवायला निघालेल्या लोकांनी केला. आईंनी कांदा उचलला, मुठीने फोडला, पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली आणि पावाला लावली. शेजारच्या विणकामवाल्या आजीने मान लांब केली. तिला दिली. तिने पाणी मागितलं, मग आणखी थोडी चटणी मागितली.

निघताना मालकीणबाई अण्णांपाशी आल्या. तो कागद फार आवडलाय, म्हणाल्या. फ्रेम करून बारच्या मागे लावते, माझ्या परवान्याशेजारी, द्याल का? मी भाषांतर केलं. अण्णांनी पाकीट छातीशी धरलं.

"मूळ प्रत कुणाला देत नसतात. झेरॉक्स देतो म्हणावं. साक्षांकित."

"अहो, दोन काढा," आई म्हणाल्या. "एक माझ्यापाशी असू दे."

साक्षांकित करायला राजपत्रित अधिकारी बॅनबरीत कुठे भेटेल, हे अण्णा मला गाडीत बसेपर्यंत विचारत होते.